मुका लॅपटॉप आणि समोरचे रुपराव

शेजाऱ्याचा गळा गोड असू नये, असा कायदा आपल्या देशात नाही. पार्किंगबद्दल आहे, पाण्याच्या मोटरीबद्दल आहे, कुत्र्यांबद्दल तर आमच्या सोसायटीने स्वतःचा वेगळा करून ठेवला आहे. पण समोरच्या फ्लॅटमधला माणूस संध्याकाळी दार उघडे टाकून सुरात गाऊ लागला, तर सभ्य नागरिकाने तक्रार कुठे करायची याबद्दल कोणी काही लिहून ठेवलेले नाही.

नागपूरच्या बेसा भागात आमच्या समोर रुपराव राहतात. त्यांचे कृषी केंद्र आहे. बियाणे, खते, फवारणीचे पंप असा सगळा माल विकतात. काटोलकडे संत्र्याची बाग आहे. एवढे झाल्यावर माणसाने थांबावे की नाही? रुपराव थांबले नाहीत, ते गातातसुद्धा. नागपुरात सध्या कराओकेची साथ आहे. पन्नाशी ओलांडली आणि साखरेची पहिली गोळी सुरू झाली की माणूस माइक विकत घेतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यातले बहुतेक लोक माझ्यासारखेच गातात, म्हणून मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटते. रुपराव मात्र खरोखर चांगले गातात. हे लिहितानाही मला त्रास होतो आहे.

माझी बायको दिपालीही चांगली गाते. ही गोष्ट मला लग्नाआधीपासून ठाऊक होती आणि मी ती जपून ठेवली होती, म्हणजे कोणाला सांगितली नव्हती. पण यंदा गणपतीच्या आरतीत रुपरावांनी तिला गाताना ऐकले. "वहिनी, तुमचा आवाज म्हणजे बाप्पा!" असे म्हणाले, आणि कोजागिरीला गच्चीवर दोघांनी एक जुने हिंदी गाणे म्हणायचे ठरले. त्यात पुरुष विचारतो आणि बाई उत्तर देते. तेव्हापासून मी सदर भागातल्या विमा कार्यालयातून घरी आलो की माझ्या दाराला कुलूप असायचे आणि समोरच्या उघड्या दारातून रुपराव माझ्या बायकोला काहीतरी विचारत असायचे.

गैरसमज नको. दार सताड उघडे असायचे आणि रुपरावांच्या शोभाताई तिथेच मेथी निवडत बसलेल्या असायच्या. संशयाला जागाच नव्हती. संशयाला जागा असती तर बरे झाले असते, निदान माणूस हक्काने संशय घेतो. नुसत्या मत्सराला बिचाऱ्याला काहीच आधार नसतो. मला इतकेच हवे होते की दिपालीने आपल्या घरी, आपल्या खोलीत, माझ्या लॅपटॉपवर गाण्याचा ट्रॅक लावून सराव करावा आणि तिने मान वर केली तर समोर मी दिसावे.

लॅपटॉप माझ्याकडे होता. जुना होता, नवे विंडोज त्याला पेलवेना, म्हणून माझा भाचा सौरव पुण्याहून आला तेव्हा त्यात लिनक्स टाकून गेला. कारण अगदी साधे होते, ते फुकट मिळते. पण रुपरावांनी नवाकोरा लॅपटॉप घेतला त्या आठवड्यात मी या फुकटाचे तत्त्वज्ञान केले. लिफ्टमध्ये त्यांना गाठून म्हणालो, "रुपराव, विंडोज म्हणजे भाड्याचं घर. लिनक्स म्हणजे सोताचं."

"असं काय जी?" रुपराव म्हणाले. "आपल्याले त्यातलं काहीच समजत नाही बा. तुमी हुशार आहा."

हरायला तयार असलेल्या माणसाला हरवण्यात काही मजा नसते.

दसऱ्याला रुपरावांची नवी गाडी आली. खाली पार्किंगमध्ये झेंडूचे तोरण, बोनेटवर हळदीचे स्वस्तिक, नारळ, पेढे, असा थाट होता. सगळी सोसायटी जमली. रुपरावांनी हळद-कुंकू लावून चिमूटभर अक्षता वाहिल्या आणि हात जोडले. माझी स्कूटर शेजारीच उभी होती, तिच्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. मी वर आलो आणि ठरवले की आपणही यंत्राचीच पूजा करायची, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली पाहिजे.

लॅपटॉप आडवा ठेवला तर दारातून दिसत नव्हता. म्हणून मी तो मिटून, बाजूच्या कडेवर, पुस्तकासारखा पाटावर उभा केला आणि मागे तांदळाचा डबा टेकवला. झेंडूचा हार घातला. हळद-कुंकू लावले. मग दार उघडे टाकून मुठीने अक्षता वाहू लागलो. ओलसर, कुंकवात भिजलेल्या, चांगल्या भरघोस अक्षता होत्या.

"अवो, किती वाहून राहिले?" दिपाली म्हणाली. "पूजा करून राहिले का लगन लावून राहिले त्याचं?"

"रुपरावनं गाडीले वाहिल्या तर चालते," मी म्हणालो.

"त्यायनं चिमूटभर वाहिल्या."

"त्यायची श्रद्धा तेवढीच असन."

सोने द्यायला आलेल्या प्रत्येकाने लॅपटॉप पाहिला. रुपरावही आले. आपट्याची पाने माझ्या हातावर ठेवून त्यांनी लॅपटॉपला मनापासून नमस्कार केला. त्यांचे हेच मला सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. कारण लिहिले 'घरी आजारपण', आणि आजारी कोण हे लिहायला अर्जात जागा नव्हती. कापडाने लॅपटॉप पुसला, ट्रॅक उतरवून घेतला आणि पाच वाजायच्या आत दिपालीला खुर्चीवर बसवून गाणे सुरू केले. गाणे चालू झाले. पडद्यावर शब्द आले, शब्दांचा रंग पिवळ्याचा निळा होऊ लागला, खालची रेघ सरकू लागली. फक्त आवाज नव्हता. दिपाली मान तिरकी करून थोडा वेळ थांबली. पहिले कडवे निळे होऊन गेले. समोरून रुपरावांनी घसा साफ केल्याचा आवाज मात्र स्वच्छ आला.

"मी जाऊ का?" दिपालीने विचारले. परवानगीच विचारली तिने, त्यामुळे मला रागावताही आले नाही.

मी सौरवला फोन लावला. सौरवने मला टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायला लावली आणि एकेक अक्षर सांगत त्यात आज्ञा लिहायला लावल्या. प्रत्येक आज्ञेनंतर लॅपटॉप पानभर उत्तर द्यायचा आणि त्यात आवाजाबद्दल एक अक्षर नसायचे. आमच्या मुख्य कार्यालयाशी पत्रव्यवहार करताना मला हाच अनुभव येतो.

"मामा, आउटपुटमध्ये काय दिसतंय?"

"हेडफोन."

"मग हेडफोन काढा ना."

"लागलाच नाही तर काढू काय?"

"नीट बघा एकदा."

मी कडेच्या भोकावरून बोट फिरवले. काही लागले नाही. "बाबू, मी काय आंधळा आहो?" मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडा अधिकार आला असावा, कारण सौरव लगेच नरमला. म्हणाला, "मग ड्रायव्हरचा प्रॉब्लेम असेल." त्यावर त्याने आवाज शंभराच्या वर दीडशेपर्यंत चढवायची सोय सुरू करून दिली. लिनक्समध्ये शंभरातले दीडशे मिळतात, हे ऐकून मला बरे वाटले. मी दीडशे केले. दीडशे टक्के शांतता पसरली.

अशी गोष्ट सोसायटीत लपत नाही. तळमजल्यावरचे देवाजी वर आले. ते वीज खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि जगातल्या प्रत्येक दुःखाचे कारण त्यांच्या मते अर्थिंग आहे. मागे एका भाडेकरूचा साखरपुडा मोडला तेव्हाही त्यांनी त्या घरचे अर्थिंग तपासायला सांगितले होते.

"अर्थिंग पाहा आधी, महादेवराव."

"देवाजी, हा बॅटरीवर चालून राहिला."

"हाव. म्हणूनच त्याले अर्थिंग नाही." एवढे बोलून ते सोफ्यावर बसले आणि चहा येईपर्यंत उठले नाहीत.

मग शोभाताई आल्या. त्यांनी लॅपटॉपकडे दुरूनच पाहिले आणि दिपालीला म्हणाल्या, "तुमच्या मशीनले नजर लागली वं. दसऱ्याले एवढा सजवला, सारे पाहून गेले. जळतात ना लोकं एकमेकायच्या वस्तूवर." मग माझ्याकडे वळल्या. "खरं का नाही, भाऊजी?"

मी म्हणालो, "लोकायचं काय सांगावं." त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मोहरीचे दोन दाणे की-बोर्डात गेले, तेव्हापासून 'क' जरा कुरकुरतो.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन सदरला एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. काउंटरवर मिनल नावाच्या मॅडम होत्या. त्यांनी टोकन दिले, नाव घेतले, मग विचारले, "विंडोज कोणतं आहे सर?"

"लिनक्स आहे," मी जरा ताठ होऊन म्हणालो.

"मग एंट्री नाही होत ना सर. आमच्या सिस्टीममध्ये विंडोजचा नंबर टाकल्याशिवाय ते पुढंच जात नाही. तुम्ही विंडोज टाकून घ्या, मग आम्ही आवाज पाहू."

"टाका मग विंडोज."

"टाकतो ना. पण त्याच्यासाठी एंट्री लागते."

मी आयुष्यभर विमा कार्यालयात लोकांना हेच सांगत आलो आहे, पण ते ऐकायला इतके वाईट वाटते याची मला कल्पना नव्हती. मागच्या खोलीत एखादा माणूस तरी नुसता पाहील का, असे विचारले. लिनक्सचा माणूस वेगळा आहे आणि तो दिवाळीपर्यंत गावाला गेला आहे, असे समजले. टोकन मात्र त्यांनी परत मागून घेतले.

घरी आलो तर समोर दोघांचे गाणे अगदी रंगात आले होते. आता त्यात ते एकमेकांसाठी थांबत होते. पुरुषाने विचारायचे, क्षणभर थांबायचे, मग बाईने हळूच उत्तर द्यायचे, हे सगळे त्यांना जमून गेले होते. संगीतातले मला काही कळत नाही, पण कोणीतरी कोणासाठी तरी थांबते आहे, हे कळायला संगीत कळावे लागत नाही. मी माझ्या घरात मुक्या लॅपटॉपपुढे शर्टही न बदलता बसलो होतो.

कोजागिरीच्या दुपारी सौरवने शेवटचा उपाय सांगितला. लॅपटॉपच्या माइकवर आपला आवाज रेकॉर्ड करायचा, तो पुन्हा पुन्हा वाजत राहील असा लावायचा आणि एकेक बटण बदलून पाहायचे. मी दार लावून घेतले आणि रेकॉर्ड केले, "हॅलो, हॅलो. टेस्टिंग." वाजवून पाहिले. पडद्यावर पट्ट्या नाचल्या, आवाज नाही. पुन्हा केले. पुन्हा नाही. ज्याला काहीही बोलले तरी ऐकू येत नाही अशा यंत्रापुढे माणूस किती वेळ 'हॅलो' म्हणेल? समोरून दोघांचा शेवटचा सराव ऐकू येत होता. मी मनात साठलेले सगळे बोलून टाकले. ते वाजत ठेवले. आवाज दीडशेवर होताच. सौरवने सांगितलेली बटणे एकेक करून दाबून पाहत होतो, तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात रुपराव होते. मागे शोभाताई, दिपाली आणि चहाच्या वासावर त्यांच्याकडे आलेले देवाजी, हातातल्या कपासकट.

"काहून जी महादेवराव, अजून नाही आला का आवाज?" रुपराव म्हणाले. "वहिनी म्हणत होत्या, तुमी जेवून नाही राहिले धड. आना, पाहू द्या मले."

"तुमाले लिनक्स येते का?" मी विचारले.

"नाही ना. पण फवारणीचा पंप बंद पडला का आमी त्याले उलटा करतो आन् दोन थापा देतो. शंभरातले ऐंशी चालू होतात."

माझ्या स्वतःच्या घरासारख्या लिनक्सला फवारणीच्या पंपाच्या रांगेत बसवलेले पाहून मी काही बोलणार होतो. पण रुपरावांनी तोवर लॅपटॉप उचलला होता. त्यांनी तो कडेवर उभा केला, भोकाची बाजू खाली केली आणि संत्र्याची पेटी थोपटावी तसा पाठीवर तळहात मारला. एक. दोन. टेबलावरच्या वर्तमानपत्रावर काहीतरी टपकले. तांदळाचा दाणा होता, कुंकवाने लाल झालेला. भोकात आतपर्यंत जाऊन बसलेल्या त्या अक्षतेला लॅपटॉप बिचारा इतके दिवस हेडफोन समजत होता.

हा उलगडा होऊन मला आनंद व्हायला अर्धा क्षण मिळाला. लगेच माझा लॅपटॉप दीडशे टक्क्यांनी बोलू लागला.

"हॅलो, टेस्टिंग. काय टेस्टिंग करतं गा, तुले कोण ऐकून राहिलं. तिकडं दिपाली त्या रुपरावसंग गाऊन राहिली. तो चांगला गाते, हेच तर दुखते. बेसुरा असता तर मी सोता टाळ्या वाजवल्या असत्या. मले जळते. तो इचारते आन् ती थांबते, हे पाह्यलं का मले जळते. दिपाली, तू माह्यासंग बेसूर गायली तरी चालन मले, पण घरी गात जाय वं. तू नसली का या घरालेच आवाज नाही राहत."

मग थोडी खरखर, आणि पुन्हा, "हॅलो, टेस्टिंग."

मी झडप घातली. बटणे दाबली. इतक्या आज्ञा घेऊन दमलेला लॅपटॉप आता कोणाचेच ऐकत नव्हता. मी त्याचे झाकण बंद केले. झाकण बंद केल्यावरही गाणे चालू राहावे, अशी खास सोय सौरवने मला करून दिली होती. त्यामुळे 'मले जळते' हे वाक्य झाकणाच्या आतूनही सर्वांना स्पष्ट ऐकू आले. बॅटरी निघत नव्हती. दोनदा सगळे ऐकून झाल्यावर देवाजींनी शांतपणे चहाचा कप खाली ठेवला आणि अर्थिंगबद्दल एक शब्दही न बोलता निघून गेले. शोभाताई पदर तोंडाला लावून भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये दिवाळी कधी आहे ते पाहू लागल्या. तिसऱ्या वेळी लॅपटॉप 'बेसुरा असता तर'पाशी आपोआप थांबला.

"आवाज खणखणीत आहे पण, महादेवराव," रुपराव म्हणाले. मग दोन वेळा खोकले. "माह्याच घशाले काहीतरी झालं सकाळपासून. आज वहिनीसंग तुमीच म्हना."

त्यांच्या घशाला काहीही झाले नव्हते. पाच मिनिटांपूर्वी तो समोरून मला ऐकू येत होता. म्हणजे मनाच्या मोठेपणातही हा माणूस माझ्या पुढे गेला, आणि तेही माझ्या दिवाणखान्यात उभा राहून. मला त्या मोठेपणाचाही हेवा वाटला. मी दिपालीकडे पाहिले. ती वर्तमानपत्रावरचा लाल दाणा बोटाने उचलत होती.

"नाही जी भाऊजी," ती रुपरावांना म्हणाली. "दीड महिना बसवलं गानं, ते आपणच म्हनू. यायचं गानं आमी आत्ताच ऐकलं."

रात्री गच्चीवर ती रुपरावांबरोबरच गायली. ट्रॅक माझ्या लॅपटॉपवर लावला होता, त्यामुळे मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. गाणे फार सुंदर झाले. लोकांनी दुधाचे पेले खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पुरुष विचारून थांबतो त्या जागी दिपालीने मान वळवून पाहिले आणि मग उत्तर दिले. तिने पाहिले ते पडद्यावरच्या शब्दांकडे की पडद्यामागे बसलेल्या माणसाकडे, यावर माझे आणि माझे अजून एकमत झालेले नाही.

मात्र माझी मागणी मान्य झाली. आता पुढच्या गाण्याचा सराव आमच्याच घरी, माझ्याच लॅपटॉपवर होतो. पाच वाजले की रुपराव आमच्याकडे येतात, शोभाताई मेथी घेऊन येतात आणि मी ऑफिसातून आलो की सगळ्यांसाठी चहा टाकतो. रुपरावांना माझा चहा फार आवडतो. तसे ते रोज सांगतात.

ते रेकॉर्डिंग मी दुसऱ्या दिवशी सकाळीच पुसून टाकले होते. म्हणजे तशी माझी समजूत होती. परवा जिन्यात शोभाताई भेटल्या. म्हणाल्या, "भाऊजी, काल आमी सक्करदऱ्याच्या बाजारात होतो. तुमी दिपालीले दुपारून फोन केलता ना?"

"केला होता. तिनं लवकर उचलला नाही."

"कशी उचलन? तुमचा फोन आला का घंटी नाही वाजत, तिच्या मोबाईलमधून तुमीच बोलता. हॅलो टेस्टिंगपासून सारं. कोजागिरीच्या रातीच उतरवून घेतलं म्हने तिनं. वांगेवाली, तराजूवाला, सारे थांबून ऐकत होते. मी म्हनलं, वं दिपाली, उचल ना आता. तर म्हनते, थांबा, 'घरी गात जाय'परेंत येऊ द्या."

तेव्हापासून मी तिला दिवसातून बरेचदा फोन करतो. काही काम नसते. पलीकडे खूप वेळ नुसती घंटी जाते, मग ती उचलते आणि "बोला" म्हणते. तिच्या "बोला"त हसू असते. त्याआधी तिथे जो आवाज होतो, तो ती ऐकते, वांगेवाली ऐकते, रुपरावसुद्धा ऐकतात म्हणे. मला तेवढा तो कधीच ऐकू येत नाही, कारण फोन करणारा मीच असतो.